भात ठेवा, तेल-नारळ मोजा: कोकणातल्या ताटावर राहून वजन सुरक्षितपणे कसं उतरवायचं

प्रश्न थोडक्यात असा: रत्नागिरीजवळच्या एका गावातल्या ताईंचं वय 42, उंची 156 सेंटीमीटर, वजन 74 किलो. रक्तदाबाची गोळी वर्षभर चालू आहे, साखर काठावर आहे, चढण लागली की उजवा गुडघा दुखतो. मध्यंतरी त्यांनी भात पूर्ण सोडला आणि रात्री नुसती काकडी-टोमॅटो खाल्ली. सहा आठवड्यांत 5 किलो उतरले, पुढच्या तीन महिन्यांत 6 किलो चढले, आणि केस गळायला लागले ते वेगळंच. आता दोन महिन्यांत 15 किलो कमी करायचे आहेत. घरात चार माणसं आणि स्वयंपाक सगळ्यांचा एकच. भात-मासे खाऊन हे जमेल का, व्यायाम कोणता करावा, आणि पावसाळ्यात काय करावं?

ताई, भात-मासे खाऊन वजन नक्की उतरतं. दोन महिन्यांत 15 किलो मात्र उतरणार नाही. शरीरातली 1 किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. 15 किलोचे झाले 1,15,500. ते 60 दिवसांत वाटले तर रोज 1,900 च्या वर तूट पाडावी लागेल. तुमचं शरीर दिवसभरात खर्चच करतं 1,800 च्या आसपास. म्हणजे दोन महिने पाण्यावर राहिलात तरी हिशेब जुळत नाही. एवढ्या घाईने जे उतरतं त्यात पाणी आणि स्नायू फार असतात.

1,800 हा आकडा कुठून आला तेही पाहा, म्हणजे घरातल्या इतरांचाही काढता येईल. वजन गुणिले 10, अधिक उंची सेंटीमीटरमध्ये गुणिले 6.25, वजा वय गुणिले 5. बायकांसाठी त्यातून आणखी 161 वजा, पुरुषांसाठी 5 अधिक. तुमचे होतात 740 + 975 − 210 − 161, म्हणजे 1,344. एवढं शरीर नुसतं पडून राहिलं तरी लागतं. घरकाम, अंगण, विहीर-बाजार धरून त्याला 1.35 ने गुणलं की 1,800 च्या थोडं वर जातं. हा अंदाज आहे, शंभर-दीडशे इकडेतिकडे होऊ शकतो. खरं काय ते तीन-चार आठवड्यांनी वजनकाटाच सांगतो.

यातून 400 कमी करा आणि रोजचं जेवण 1,400 वर आणा. त्यावर रोजच्या चालण्याची थोडी भर पडली की आठवड्याला अर्ध्या किलोच्या आतबाहेर वजन उतरेल. पहिलं लक्ष्य 68 किलो ठेवा, मुदत चार ते पाच महिने. 74 मधले 6 किलो म्हणजे 8 टक्के, आणि मूळ वजनाच्या 5 ते 10 टक्के उतरले तरी रक्तदाब, साखर आणि गुडघा तिन्हींत फरक दिसायला लागतो. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय बायकांनी 1,200 च्या आणि पुरुषांनी 1,500 च्या खाली जाऊ नये. आठवड्याला सातत्याने दीड किलोहून जास्त उतरायला लागलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. केस गळण्याचंही तेच: अचानक उपासमार झाली की दोन-तीन महिन्यांनी केस झडतात, म्हणून कारण लक्षात येत नाही आणि लोक तेल बदलत बसतात.

भात सोडल्यावर पहिल्याच आठवड्यात दोन किलो गेले असतील, त्याचं कारणही समजून घ्या. शरीर पिष्टाचा साठा पाण्यासकट ठेवतं, 1 ग्रॅमला साधारण 3 ग्रॅम पाणी. भात बंद झाला की तो साठा रिकामा होतो, पाणी जातं आणि काटा खाली येतो. भात पुन्हा सुरू केला की दोन दिवसांत ते पाणी परत येतं. त्यावरून भातानेच वजन वाढतं अशी समजूत होते, आणि खरा हिशेब बाजूलाच राहतो.

खरा हिशेब तेलाच्या बुधलीत, खवणीवर आणि साखरेच्या डब्यात आहे. आपल्याकडे या तीन गोष्टी कोणी मोजत नाही, हाताच्या अंदाजाने पडतात. म्हणून सुरुवात तिथून करायची, आणि पहिल्या आठवड्यात काहीही कमी न करता फक्त मोजायचं. त्यासाठी तीन वस्तू लागतात: ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा, 5 मिलीचा मापाचा चमचा आणि रोजच्या वापरातली एकच वाटी. त्या वाटीत किती पाणी मावतं ते एकदा मोजून ठेवा. घराघरांतल्या वाट्या 120 पासून 200 मिलीपर्यंत असतात, त्यामुळे ‘दोन वाट्या भात’ या शब्दांना मापाशिवाय अर्थ नाही.

तेलाचा हिशेब किराणामालाच्या यादीवरूनच निघतो. चौघांच्या घरात महिन्याला 3 लिटर तेल संपत असेल तर माणशी रोज 25 मिली पडलं, म्हणजे सुमारे 205 कॅलरी. ते 1.8 लिटरवर आणा: माणशी 15 मिली, तीन छोटे चमचे, 125 कॅलरी. पद्धत अशी की महिन्याचं तेल पहिल्या तारखेला एका डब्यात वेगळं काढायचं, आठवड्याला त्यातलं 420 मिली बुधलीत घ्यायचं आणि फोडणीला पळी उपडी न करता चमचा वापरायचा. आठवड्याची बुधली शुक्रवारीच संपली तर कुठे गेलं ते आपोआप कळतं. बहुतेक वेळा ते तळणात गेलेलं असतं. खोबरेल, शेंगदाण्याचं, सूर्यफुलाचं, कुठलंही तेल घेतलं तरी ग्रॅमला 9 कॅलरीच. साजूक तुपाचंही जवळपास तेवढंच.

नारळाचं तसंच. ओलं खोबरं 100 ग्रॅमला साधारण 350 ते 400 कॅलरी देतं. एका मध्यम नारळातून 200 ग्रॅम चव, म्हणजे खवलेलं खोबरं, निघाला आणि तो चौघांत रोज संपला, तर माणशी 175 ते 200 कॅलरी झाल्या. सुकं खोबरं याच्या जवळजवळ दुप्पट, 100 ग्रॅमला साडेसहाशेच्या वर, कारण त्यातलं पाणी गेलेलं असतं. मटणाच्या वाटपात ते मूठमूठ जातं. नारळ बंद करायला मी सांगणार नाही. कोकणातल्या माणसाला नारळाशिवायचं कालवण चार दिवस चालतं, पाचव्या दिवशी पथ्य मोडतं. चौघांना मिळून दिवसाला अर्धा नारळ हे माप धरा. तुमच्या वाट्याला 20 ते 25 ग्रॅम, म्हणजे दोन मोठे चमचे चव. वाटप पातळ होईल अशी भीती वाटत असेल तर धणे थोडे वाढवा, भिजवलेले तांदूळ एक चमचा वाटपात घाला किंवा कांदा कोरडाच तव्यावर भाजून वाटा. कालवण मिळून येतं. ज्या दिवशी कालवणात नारळ असेल त्या दिवशी भाजीवर पेरू नका. एका जेवणात नारळ एकाच पदार्थात, हा नियम पाळायला सगळ्यात सोपा जातो.

साखर: छोट्या चमच्याला 20 कॅलरी. दिवसातून चार कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे म्हणजे 160, दुधाचं वेगळं. चहा दोनदा आणि एकेक चमचा, तोही जमल्यास अर्धा. बाजारातल्या गोड कोकम सरबताच्या ग्लासात चार चमचे साखर सहज असते. त्यापेक्षा आगळ, म्हणजे कोकमाचा रस, पाण्यात घालून मीठ-जिरं टाका. रक्तदाब असल्यामुळे तुम्ही आगळ बेतानेच वापरा, त्यात मीठ असतंच.

आता भात. कच्चे तांदूळ 100 ग्रॅमला 350 कॅलरी, शिजल्यावर पाणी धरून वजन पावणेतीन-तीन पट होतं, म्हणून शिजलेला भात 100 ग्रॅमला 120 ते 130. दुपारी 120 ग्रॅम शिजलेला भात घ्या, 150 कॅलरी. पहिले काही दिवस ताटलीत काट्यावर मोजून वाढा. नंतर नजर बसते, पण महिन्यातून एकदा पुन्हा मोजा, कारण डाव नकळत भरगच्च व्हायला लागतो. उकड्या तांदळाचा भात जास्त वेळ पोटात राहतो, कॅलरी मात्र तेवढ्याच. पेज ही आपल्याकडची फार चांगली सोय आहे. 30 ग्रॅम उकड्या तांदळाची पातळ पेज वाडगाभर होते, शंभरेक कॅलरीत पोट भरतं आणि उन्हाळ्यात पाणीही जातं. भाकरीबद्दल एक गैरसमज आहे. नाचणीची भाकरी ‘हलकी’ म्हणून तीन खाल्ल्या जातात. नाचणीत चुना (कॅल्शियम) भरपूर, चोथा भरपूर, पण पिठाच्या कॅलरी तांदळाच्या जवळपासच आहेत. 40 ग्रॅम पिठाची भाकरी 130. थापताना ती 60 ग्रॅमची होते का, ते एकदा गोळा काट्यावर ठेवून पाहा.

जेवण कमी करताना जे वाढवायचं असतं ते प्रथिन, आणि तिथेच बहुतेकांचं चुकतं. कॅलरी कमी आणि प्रथिनंही कमी झाली की उतरणाऱ्या वजनात स्नायूंचा वाटा वाढतो. स्नायू गेले की शरीराचा खर्च घटतो, भूक मात्र तीच राहते, आणि नंतर चढतं ते चरबीच्या रूपात चढतं. तुमचे 5 जाऊन 6 आले त्यामागे हे एक मोठं कारण. तुम्हाला दिवसाला 60 ते 65 ग्रॅम प्रथिनं हवीत आणि ती तिन्ही जेवणांत वाटलेली हवीत.

समुद्रकाठच्या माणसाला हे अवघड नाही. काटे काढून 100 ग्रॅम मासळीत बहुतेक वेळा 18 ते 20 ग्रॅम प्रथिनं असतात, बोंबील आणि तिसऱ्यांत कमी. बोंबील, मांदेली, कोळंबी, तिसऱ्या यांत चरबी कमी. बांगडा आणि तारली तेलकट, पण ते तेल हृदयाला चांगलं आणि मासळी स्वस्त. 100 ग्रॅम बांगड्याच्या कॅलरी 190 च्या आसपास, सुरमईच्या 120-130. गडबड होते ती तळणात. रव्याचं जाड आवरण तेल शोषून घेतं, दोन तुकड्यांमागे तीन-चार चमचे तेल सहज जिरतं, आणि मग 190 चा बांगडा 350 वर जातो. आठवड्यातून एकदा तळलेला खा. एरवी लोखंडी तव्यावर एक चमचा तेल पसरा, तांदळाच्या पिठाचा नुसता हात फिरवलेला तुकडा ठेवा, आच मंद करून झाकण घाला. चार-पाच मिनिटांनी उलटा आणि शेवटी झाकण काढून खरपूस करा. केळीच्या पानात गुंडाळून भाजलेला बांगडा याहूनही बरा. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा सुक्या मासळीकडे हात जातो. तिच्यात प्रथिनं खूप, पण खारवलेल्या मासळीत मीठही तितकंच. रक्तदाबाच्या माणसाने खारवलेली मासळी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून दोन पाणी टाकून द्यावीत, कालवणात वरून मीठ घालू नये आणि आठवड्यातून एकदाच खावी. ते दोन महिने अंडी, कुळीथ, मूग, चवळी, वाल यांवर काढा. कुळथाच्या पिठीत 100 ग्रॅमला 20 ग्रॅमहून जास्त प्रथिनं असतात. 30 ग्रॅमची पिठी केली की 6-7 ग्रॅम मिळतात, शंभर कॅलरीत.

1,400 चा एक दिवस असा लागतो. सकाळी एक चमचा साखरेचा चहा, 65. न्याहारीला 40 ग्रॅम पिठाची नाचणीची भाकरी आणि दोन उकडलेली अंडी, सोबत बिनतेलाची लसणीची चटणी, 280. अकराच्या सुमारास ग्लासभर पातळ ताक, 50. दुपारी 120 ग्रॅम भात, 100 ग्रॅम बांगड्याचं कालवण, त्यात तुमच्या वाट्याचं दोन चमचे खोबरं आणि एक चमचा तेल, एक चमचा तेलात परतलेली लाल माठाची वाटीभर भाजी, काकडीची कोशिंबीर. सगळं मिळून 560. साडेचारला बिनसाखरेचा चहा आणि एक पेरू, 105. रात्री आठच्या आत एक भाकरी, मोठी वाटी मुगाची उसळ किंवा कुळथाची पिठी, पडवळ किंवा दुधीची भाजी, दोन्हींत मिळून एकच चमचा तेल, 340. प्रथिनं 62 ग्रॅमपर्यंत जातात. सुरमई आणली तर कालवणात साठेक कॅलरी वाचतात, त्यांची अर्धी वाटी भात घ्या. जेवताना भाजी-कोशिंबीर आणि मासळी आधी खाऊन भात शेवटी घेतला की आहे त्या भातात पोट भरतं, साखरही एकदम चढत नाही.

चौघांचा स्वयंपाक एकच, ही अडचण नाही. मोजलेलं तेल आणि अर्धा नारळ घरातल्या सगळ्यांनाच चालेल. वाढत्या मुलांना वरून तूप, दूध, जास्तीचा भात द्या. तुमचं वेगळं काढायचं ते फक्त ताटातलं माप.

हिशेब बिघडवणाऱ्या जागा इथल्या इथेच आहेत. अर्ध्या नारळाची चौघांना केलेली सोलकढी माणशी 60 ते 80 कॅलरी असते, दुसरा ग्लास घेतला की दुप्पट. ती हवी असेल त्या दिवशी कालवण नारळाचं नको. काजूगर दहा म्हणजे 85-90 कॅलरी. बरणी हाताशी ठेवून मोजून खाता येत नाहीत, म्हणून बशीत काढून बरणी बंद करा. मध्यम हापूसच्या गरात 100 च्या जवळपास; जेवणासोबत आमरस न घेता दुपारच्या फळाच्या जागी एक आंबा कापून खा, साखर काठावर असताना त्याहून जास्त नको. फणसाचे गरे 100 ग्रॅमला 90-95. घरचा फणस फोडला की पाव किलो कधी पोटात गेला कळत नाही. कोंबडी-वड्यातला एक वडा 130 ते 160. उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी म्हणजे 100 ग्रॅमला साबुदाणा 350, शेंगदाणा 570 आणि वर तूप. एका बशीत अर्ध्या दिवसाच्या कॅलरी जातात. उपास मोडू नका, पण वरीचा भात, ताक, उकडलेलं रताळं, एखादं फळ यांवर करा. घरातल्या पुरुषांसाठी एक ओळ: 60 मिली दारूत सुमारे 130 कॅलरी, आणि सोबतचा चखणा त्याहून जास्त.

गणपतीत वजन उतरवायचा प्रयत्नच करू नका. उकडीचा एक मोदक दीडशे ते पावणेदोनशे, वर तूप घेतलं की दोनशेच्या पुढे. त्या दिवसांत दुपारी दोन मोदक भाताच्या जागी, रात्रीचं जेवण हलकं आणि चालणं चालू. काटा जिथे आहे तिथे राहिला तरी पुष्कळ झालं. शिमग्यालाही हेच.

व्यायामाबद्दल आधी आकडा सांगते, म्हणजे अपेक्षा योग्य राहील. तुमच्या वजनाच्या माणसाने ताशी 5 किलोमीटरच्या वेगाने 45 मिनिटं चाललं तर बसून राहण्यापेक्षा 140 कॅलरीच जास्त खर्च होतात. एका वड्याएवढ्या. त्यामुळे ‘आज चालले, आता खाल्लं तरी चालेल’ हा हिशेब कधीच जुळत नाही. वजन उतरतं ते मुख्यतः ताटातून. पण उतरलेलं टिकतं चालण्याने, स्नायू वाचतात ताकदीच्या व्यायामाने, आणि साखर व रक्तदाब दोन्हींवर व्यायामाचा परिणाम वजन न उतरताही होतो. म्हणून दोन्ही हवं. जागतिक आरोग्य संघटनेचं माप आहे आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम आणि निदान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. मध्यम म्हणजे किती? चालताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, इतका.

पहिले दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ 15-15 मिनिटं सपाटीवर. मग दर आठवड्याला रोजच्या एकूण वेळेत 5 मिनिटं वाढवा आणि सहाव्या आठवड्यापर्यंत 45-50 मिनिटांवर या, आठवड्यातून सहा दिवस. गुडघा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दुखत राहिला तर आदल्या आठवड्याच्या वेळेवर परत जा.

जागेचा विचार आपल्याकडे नीट करावा लागतो. सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं पठार, सपाट असतो म्हणून गुडघ्याला तो सगळ्यात चांगला, पण मार्च ते मेमध्ये सकाळी सातनंतर तिथे थारा नाही. किनारपट्टीच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. तापमान 33 दिसलं तरी शरीराला त्रास जास्त होतो. पहाटे निघा, निघण्याआधी एक ग्लास पाणी प्या, आल्यावर आणखी एक. पुळणीवर चालायचं तर ओहोटीच्या वेळी, पाण्याजवळच्या ओल्या घट्ट वाळूवर. वरच्या भुसभुशीत वाळूत कॅलरी जवळजवळ दुप्पट जातात हे खरं, पण घोटा आणि पोटरी पहिल्या आठवड्यातच धरते. पुळण समुद्राकडे उतरती असते, एकाच दिशेने लांब चाललं की एक पाय सतत खाली राहतो आणि कंबर-गुडघा दुखतो. जेवढं जाल तेवढंच त्याच पट्ट्यावरून परत या. भरती-ओहोटी रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, म्हणून पुळणीवर रोज एकाच वेळी चालणं जमत नाही. आठवड्यातले दोन-तीन दिवस पुळण, बाकीचे सडा किंवा रस्ता, असं ठरवून टाका. पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढणं उत्तम व्यायाम आहे, पण तुमच्या गुडघ्याला उतरणं जास्त नडेल. पहिले दोन महिने पाखाडी व्यायाम म्हणून नको; जायचंच असेल तर उतरताना कठडा धरा, एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत.

पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं आणि घसरून मनगट मोडण्याचे प्रकार होतात. त्या चार महिन्यांत पडवीत किंवा ओटीवर चाला, तिन्ही जेवणांनंतर 10-15 मिनिटं. सलग 45 मिनिटांइतकाच याचा उपयोग होतो, आणि साखर काठावर असलेल्या माणसाला जेवणानंतरचं चालणं जास्तच लागू पडतं. भातलावणीचे दिवस वेगळे धरा. चिखलात वाकून सहा-सात तास काम म्हणजे व्यायाम झाला. त्या दिवसांत ताकदीचा व्यायाम बंद ठेवा आणि जेवण 200-300 कॅलरीने वाढवा, वाटीभर भात आणि उसळ. पायाला चीर किंवा जखम असेल तर ती झाकून, गमबूट घालूनच शेतात उतरा. त्यानंतर थंडी-ताप, डोळे लाल आणि पोटऱ्या प्रचंड दुखायला लागल्या तर लेप्टोस्पायरोसिसची (दूषित चिखल-पाण्यातून होणाऱ्या तापाची) शंका धरून त्याच दिवशी दवाखाना गाठा. अशा वेळी ‘व्यायामाने पाय दुखतात’ असं समजून घरी थांबू नका.

ताकदीचा व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, 20 मिनिटं. सगळ्यात महत्त्वाचा खुर्चीवरून उठणं-बसणं. न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवा. कडेवर बसा, पाय खांद्यांइतके फाकवून तळवे पूर्ण टेकवा, टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे. छाती पुढे झुकवा, टाचांवर जोर देऊन उठा, श्वास सोडत. मग मनात तीन आकडे मोजत हळूहळू बसा, धपकन नको. स्नायू बनतो तो या सावकाश बसण्यात. गुडघे आत वळत नाहीत ना, तेवढं समोर आरसा ठेवून बघा. दुखलं तर खुर्चीवर घडी केलेली गोधडी ठेवून बैठक उंच करा. दोन आठवड्यांनी एक घडी कमी करा. 8 ते 10 वेळा, मिनिटभर थांबून पुन्हा तेवढंच. मग भिंतीला हात टेकून दंड, 10 वेळा. उताणं झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं, 10 वेळा. पाय सरळ ठेवून वीतभर उचलून पाच आकडे धरणं, प्रत्येक पाय 10 वेळा. दुखऱ्या गुडघ्याला हा फार उपयोगी. शेवटी दोन्ही हातांत 5-5 लिटरचे पाण्याचे कॅन घेऊन पडवीत ताठ चालणं. 12 वेळा तीनदा सहज जमायला लागलं की माप वाढवा, नाहीतर शरीर तिथेच थांबतं. रक्तदाब असल्यामुळे श्वास कधीच कोंडू नका, आणि 180/110 च्या घरात असताना व्यायाम न करता आधी डॉक्टर.

वजन आठवड्यातून एकदाच करा, ठरावीक वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाआधी, त्याच काट्यावर. पाळीच्या आधी पाणी साठून एक-दीड किलो वाढलेलं दिसतं, त्याला घाबरू नका. महिन्यातून एकदा कंबर मोजा: शेवटची बरगडी आणि कुल्ह्याचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर. भारतीय बायकांनी 80 सेंटीमीटरच्या, पुरुषांनी 90 च्या आत असावं. काटा हलला नाही पण कंबर दोन सेंटीमीटरने घटली, तर काम नीट चालू आहे.

साधारण तिसऱ्या महिन्यात वजन अडतं. चार आठवडे काहीच हललं नाही तरच अडलं म्हणायचं. तेव्हा लगेच आणखी जेवण कापू नका. आधी तीन दिवस पुन्हा सगळं काट्यावर मोजा. भाकरी जाड झालेली असते, तेलाचा चमचा भरून वाहत असतो, स्वयंपाक करताना चव घेणं वाढलेलं असतं, मुलांच्या ताटातलं उरलेलं आपल्या तोंडात जात असतं. ते नीट असूनही अडलंय तर शंभर कॅलरी कमी करा किंवा चालणं 15 मिनिटांनी वाढवा, दोन्हींपैकी एकच. झोप सहा तासांहून कमी होत असेल तर भूक वाढते, तेही बघा. थायरॉइड एकदा तपासून घ्या. गोळी चालू असेल तर ती उपाशीपोटी, चहाच्या अर्धा ते एक तास आधी.

गोळ्यांबद्दल हे काळजीपूर्वक वाचा. चार-पाच किलो उतरल्यावर रक्तदाबाची तीच गोळी जास्त होऊ शकते. उठताना अंधारी आली, तोल गेला तर रक्तदाब मोजून डॉक्टरांना दाखवा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. घरात कोणी मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेत असेल तर त्यांनी जेवण कमी करण्यापूर्वीच डोस ठरवून घ्यावा. हात थरथरणं, घाम, गोंधळ ही साखर उतरल्याची खूण. लगेच तीन छोटे चमचे साखर पाण्यातून, 15 मिनिटांनी पुन्हा तपासणी. मधुमेहाची डॅपाग्लिफ्लोझिनसारखी गोळी चालू असताना भात-भाकरी पूर्ण बंद करणं किंवा कडक उपास करणं धोक्याचं आहे, साखर फार न वाढताही रक्त आम्लधर्मी होऊ शकतं. गरोदरपणात, अंगावर पाजत असताना, 18 च्या आतल्या मुलांनी, मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी हे माप वापरू नये. प्रयत्न न करताच वजन उतरत असेल तर तो आजार समजून तपासणी करावी. भूक कमी करणारी इंजेक्शनं आता आपल्याकडेही मिळतात. ती डॉक्टरांनीच ठरवायची, आणि ती घेणाऱ्याला प्रथिनं व ताकदीचा व्यायाम आणखी गरजेचा. लिंबू-मध-गरम पाण्याने चरबी वितळत नाही, मधाच्या कॅलरी मात्र मोजाव्या लागतात.

68 वर आलात की तोच हिशेब पुन्हा मांडा: 680 + 975 − 210 − 161, म्हणजे 1,284, गुणिले 1.35 म्हणजे 1,730 च्या आसपास. एकदम तिथे जाऊ नका. दर दोन आठवड्यांनी शंभर कॅलरी वाढवा: आधी दुपारचा भात 120 वरून 200 ग्रॅम, मग न्याहारीची दुसरी भाकरी, मग आठवड्यातून दोनदा सोलकढी. वजन ज्या मापाला स्थिर राहील ते तुमचं रोजचं माप. तेलाची आठवड्याची बुधली आणि ताकदीचे तीन दिवस तसेच चालू ठेवा. काटा 70 च्या पुढे गेला की त्याच आठवड्यात 1,400 वर परत या आणि 68 होईपर्यंत राहा. पुढची 5 किलोंची वाढ होईपर्यंत थांबू नका.